खारोबाची टिकटिक

खारोबाबद्दल कुणी विचारलं की किल्लीकाका आधी घसा खाकरतात आणि मग म्हणतात, "मला तो माणूस तसा ठाऊकच नव्हता हो." ऐकणाऱ्याला हा विनय वाटतो. तो विनय नाही. एकाच शेडमध्ये दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, तरी खारोबाचं लग्न झालं होतं की नाही, हे काकांना आजही सांगता येत नाही. घरी एक थोरली बहीण होती, एवढं माहीत. ती सख्खी की चुलत, ते विचारायचं राहून गेलं. दोघांत अरे-तुरे कधी झालं नाही. हजेरी घेताना खारोबाचं खरं नाव पुकारलं गेलं, तर काकाच क्षणभर इकडेतिकडे बघत, की हा कोण बुवा नवा माणूस आला!

खारोबा हे नाव त्याला टॉवरनं दिलं. कारखान्यात तेलं उकळून वेगळी करणारे उंचच उंच लोखंडी टॉवर होते. त्यांच्या अंगाला चिकटलेल्या शिडीवरून हा माणूस खारीसारखा सरसर वर जाई. अंगानं काटकुळा, खांदे जरा पुढे आलेले, आणि जमिनीवर असताना तोंडाला कुलूप. पण माथ्यावरच्या कठड्याशी पोचला की त्याला कंठ फुटे. काकांच्या हातातल्या वायरलेसवर त्याचा आवाज खडखडत येई.

"काका, डोक्यावर जरा ढग ओढून घ्या. तुमच्या टकलाचा उजेड डोळ्यांवर येतोय."

"खाली या, मग सांगतो."

"खाली काय ठेवलंय? वर या एकदा. समोरच्या गच्चीवर एक बाई नवऱ्याला झाडतेय. ऐकू काही येत नाही, पण नवरा चुकलेला आहे, हे नक्की."

काका वर कधी गेले नाहीत. त्यांना भोवळ येई. त्यांचं काम खाली, किल्लीचं.

ते काम काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टॉवर चालू असताना त्याच्या पोटात बिघाड झाला, तर तो उघडून बघता येत नाही. आत उकळतं तेल असतं. म्हणून गॅमा किरणांनी बघायचं. एका बाजूनं दोराला बांधून किरण सोडणारा सोर्स खाली सोडायचा, बरोबर समोरच्या बाजूनं डिटेक्टर, दोन्ही एका उंचीवर. आत पोकळी असेल तिथं किरण सहज पार होतात आणि डिटेक्टर भराभर टिकटिकतो. द्रव किंवा गाळ असेल तिथं किरण अडतात, टिकटिक मंदावते. आणखी बारीक बघायचं असेल तर टॉवरभोवती गोल कडं करून सोर्स आणि डिटेक्टर जागा बदलत फिरवायचे. मग कॉम्प्युटरवर टॉवरच्या पोटाची चकती उमटते, कांदा आडवा चिरल्यावर दिसतो तशी. ते चित्र काढायचं काम मॅडमचं. त्या सगळ्या विभागाच्या प्रमुख. वयानं लहान, पण त्यांचा शब्द खाली पडत नसे. वर जाऊन मोजायचं काम खारोबाचं. आणि सोर्स शिशाच्या पेटीत बंद करून, ती पेटी जमिनीतल्या खड्ड्यात ठेवून, खड्ड्याला कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवायचं काम काकांचं.

नुसत्या हवेत धरला तरी डिटेक्टर थोडाफार टिकटिकतोच. मातीत, विटांत, आभाळातून येणारं काहीबाही असतंच. त्याला ते दोघं 'रोजची टिकटिक' म्हणत. सकाळी आल्याआल्या खारोबा हातातला छोटा डिटेक्टर घेऊन शेडभर फिरे आणि म्हणे, "रोजचीच." मग चहा.

त्या सकाळी तो 'रोजचीच' म्हणाला नाही.

आदल्या दिवशी खारोबा रजेवर होता. घरचं काम, एवढंच सांगून गेला होता. टॉवरचं काम नव्हतंच, म्हणून काकांनी शिशाची पेटी पुसायला काढली. परत ठेवताना झाकणाची कडी अडकली. दाबून बसेना. काकांनी हातोडीच्या दांड्यानं तिला दोनचार ठोके दिले, तेव्हा कुठे ती बसली. आता लगेच मोजून बघायला हवं होतं. पण मोजणारा रजेवर, त्याचा छोटा डिटेक्टर त्याच्या कपाटात बंद, आणि दुसरा तपासणीसाठी बाहेरगावी गेलेला. उद्या बघू, म्हणून काका घरी गेले. दारातच सुनेनं नात त्यांच्या हातात दिली. पोरीला दात येत होते, किरकिर चालली होती. काकांनी तिला खांद्यावर टाकून झोप लागेपर्यंत फिरवलं. तिनं त्यांचं बोट तोंडात घालून चावलं, तेही त्यांनी चावू दिलं.

आणि आज खारोबानं डिटेक्टर सुरू केला, तर तो तव्यावर फुटणाऱ्या मोहरीसारखा तडतडायला लागला.

"काका," खारोबा म्हणाला, "खड्डा उघडा होता का?"

"कुलूप आहे की. बघा."

खड्ड्याशी गेले. तडतड. खड्ड्यापासून लांब, दाराशी गेले. तडतड. खारोबानं पेटीवरून ओला बोळा फिरवला आणि तो बोळा डिटेक्टरसमोर धरला. तडतड. कोरा बोळा धरला, तरी तडतड. तो वळून काकांकडे बघायला लागला. सोर्सच्या कुपीला चीर गेली असेल, तर आतली पूड बाहेर येते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. हाताला लागते, कपड्यांना लागते, आणि माणूस जाईल तिथं जाते.

"हात दाखवा," खारोबा म्हणाला.

काकांनी दोन्ही हात पुढे केले. डिटेक्टर नुसता कोकलला.

मॅडम आल्या, त्यांनी एकदा ऐकलं आणि दुसऱ्यांदा ऐकत बसल्या नाहीत. शेड रिकामी केली, दोर लावला, बाहेरून तपासणीची माणसं बोलावली. ती यायला संध्याकाळ होणार होती. काका नळाखाली हात धूत होते. धुतले, पुसले, परत धुतले. साबणाची वडी हातातून निसटली आणि ती उचलायचंही त्यांना सुचेना.

"काका, काल इथून कुठे कुठे गेलात?" मॅडमनी विचारलं. आवाज मऊ होता, त्यानं काकांना जास्तच भीती वाटली.

"घरी. सरळ घरी."

"घरी कोण असतं?"

काकांना नात हा शब्द उच्चारता येईना. त्यांनी हातानं दाखवलं, एवढीशी.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबायला नको. तुम्ही दोघं हा डिटेक्टर घेऊन जा. कशाला हात लावू नका. मुलीचे कपडे, पांघरूण, सगळं मोजा आणि मला फोन करा."

काकांचं घर कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या वसाहतीत होतं. रस्ताभर काका पुढे आणि खारोबा मागे. डिटेक्टर चालूच होता. फाटकाशी तडतड, विजेच्या खांबाशी तडतड, पिठाच्या गिरणीशी तडतड. काकांना वाटलं, आपणच काल ही वाट माखून ठेवली. फाटकाच्या थोडं पुढे खारोबा एकदा थबकला होता. डिटेक्टर हातात तसाच, नजर वर कुठेतरी. काकांनी ओरडून विचारलं, "काय झालं?" तेव्हा तो "काही नाही, चला," म्हणाला आणि चालू लागला.

दार काकूंनी उघडलं. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांचा अर्धा राग तिथेच विरघळला, पण उरलेला अर्धा बाहेर आलाच.

"या वेळेला? आणि हे खारोबाभाऊजी कसे? नोकरीवरून काढलं की काय दोघांना?"

"तिला कुठे ठेवलंय?"

"कुणाला?"

"अगं, पोरीला!"

"झोपलीय. आता कुठे डोळा लागलाय. उठवाल तर बघा. अहो, असे दारात का उभे? आणि हात असे लांब का धरलेत?"

काकांनी जमेल तसं सांगितलं. काकूंना गॅमा किरण कळत नव्हते, पण काल पोरीला घेतलं आणि आज हे यंत्र ओरडतंय, एवढं कळायला किरण कळावे लागत नाहीत. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. "त्या मेल्या किल्लीनं घरात कधी सुखाचा घास खाऊ दिला नाही," एवढंच म्हणाल्या. सून आतून धावत आली आणि पाळण्याच्या पुढे हात पसरून उभी राहिली. जणू खारोबा तिच्या मुलीला घेऊनच जाणार होता.

"ताई, नुसतं जवळ धरायचंय," खारोबा म्हणाला. "लागणार नाही काही."

"बाबा म्हणतात तसं निघालं तर?"

"आधी मोजू तर द्या."

ती बाजूला झाली. खारोबानं उशीजवळ डिटेक्टर नेला. तडतड. पांघरूण. तडतड. काल काकांनी अंगात घातलेला सदरा दोरीवर होता, तिथंही तडतड. मग त्यानं डिटेक्टर पाळण्यावर धरला. आवाजानं पोरगी जागी झाली. रडली नाही. समोर काहीतरी चमकणारं, टिकटिकणारं आलंय म्हणून ती खुदकन हसली आणि दोन्ही हात वर करून ते धरायला बघू लागली.  सून तोंडात पदर कोंबून उभी होती. काकू देवाचं नावही न घेता नुसत्या बघत होत्या.

"किती?" काकांनी विचारलं.

खारोबानं परत उशी मोजली, मग मुद्दाम भिंत मोजली, मग खिडकीचा गज. एकेका जागी थांबत होता, मान तिरकी करून ऐकत होता.

"काका, हे सगळीकडे सारखं आहे," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे सगळीकडे लागलंय!"

"पीठ सांडलं तर कुठे जास्त, कुठे कमी सांडतं. असं मोजून मापून, भिंतीला तेवढंच आणि पोरीला तेवढंच, असं कुठे सांडतं का?"

मग त्यानं जे केलं, ते काकांना अजून जसंच्या तसं दिसतं. त्यानं डिटेक्टर हात लांब करून अंगापासून जितका दूर जाईल तितका धरला. तडतड जरा विरळ झाली. मग त्यानं तो हळूहळू स्वतःच्या छातीशी आणला. तडतडीचे दाणे एकमेकांत मिसळले आणि एकच लांब सूर लागला. खारोबा तो सूर ऐकत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, असं काकांना वाटतं. लाज होती. पण काकांचं त्या दिवशीचं वाटणं किती खरं मानायचं?

त्यानं डिटेक्टर पाळण्याच्या पायाशी जमिनीवर ठेवला आणि तो दाराबाहेर पडला.

"काका, आकडा वाचा."

"कुठे चाललात?"

"वाचा तुम्ही."

काका वाकले. चष्मा घसरत होता. काचेमागचा आकडा खाली येत होता. "कमी होतोय," ते म्हणाले.

खारोबा ओट्यावरून अंगणात उतरला. "आता?"

"आणखी कमी."

तो मागे मागे चालत गेला. नळापाशी, धुण्याच्या दगडापाशी, शेवटी कुंपणाच्या भिंतीला त्याची पाठ टेकली. शेजारच्या दारांतून लोक डोकावायला लागले होते.

"आता?" तो तिथून ओरडला.

डिटेक्टर शांत झाला होता. एक टिक, मग एक थांबा, मग दुसरी टिक. काकांनी तो उचलून पोरीच्या हाताशी नेला, तोंडाशी नेला, उशीवरून फिरवला, दोरीवरच्या सदऱ्याला लावला. स्वतःच्या बोटांना लावला. तरी त्यांचा विश्वास बसेना. परत पहिल्यापासून सगळं केलं.

"अहो काका, बोला की!"

"रोजची," काका म्हणाले. "रोजचीच आहे!"

सुनेनं पोरीला उचललं आणि ती खोलीत नुसती गरगर फिरायला लागली. काकू रडत होत्या आणि रडता रडता काकांच्या पाठीवर थापट्या मारत होत्या, त्या रागाच्या की आनंदाच्या, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

काका दारात आले. खारोबा भिंतीशीच उभा होता, शाळेत कोपऱ्यात उभं केलेल्या मुलासारखा.

"या ना आत."

"नको. पोरीजवळ नको यायला. मीच आहे तो."

"तुम्ही काय?"

"काल हॉस्पिटलात गेलो होतो. छातीची, हृदयाची तपासणी. सुई दिली आणि मग एका यंत्राखाली झोपवलं. ते औषध किरणांचं असणार, काका. आपल्यासारखंच, फक्त माझ्या अंगात." तो बोलत होता आणि डोकावणारे सगळे ऐकत होते. "ती नर्स मला सांगत होती काहीतरी. दोन दिवस लहान मुलांपासून लांब, भरपूर पाणी प्या. मी ऐकलंच नाही. मी नुसता तिच्या तोंडाकडे बघत होतो, की पास की नापास."

"मग?"

"नापास," खारोबा म्हणाला.

छाती नापास म्हणजे टॉवर बंद. असा नियमच होता, आणि तो नियम खारोबाला काकांपेक्षा जास्त ठाऊक होता. त्यानं रजेच्या अर्जावर घरचं काम असं का लिहिलं, तेही आता कळलं.

"यंत्र बिघडलंय, असं म्हणता आलं असतं," खारोबा म्हणाला. "मघाशी आत मनात आलंही. दोन दिवस घरी बसलो असतो, की परत सगळं रोजचंच. पण तुम्ही तोवर झोपला नसता. आणि ती," त्यानं हातानं घराकडे दाखवलं, "ती सगळी."

मॅडमना फोन काकांनीच केला. त्या आधी हसल्या, मग त्यांनी खारोबाला फोनवर घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. तो नुसता "हो" म्हणत होता. संध्याकाळी बाहेरची माणसं आली, त्यांनी आपली यंत्रं लावून पेटी तपासली, कडी वाकडी झालीय एवढा शेरा मारला आणि गेली. मुलीला काही धोका नाही, एवढ्या वेळात काहीही होत नाही, असं त्यांनी काकांना दोनदा समजावलं. काकांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही ती रागावली नाहीत.

खारोबाचं टॉवरवर चढणं त्या दिवशी संपलं. मॅडमनी त्याला आतल्या खोलीत डिटेक्टरांच्या दुरुस्तीचं काम दिलं. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. लोकांनी काही दिवस चेष्टा केली. "खारोबा, अंधार पडला, जरा इकडे येऊन बसा, दिवा लावायला नको." तोही हसे. शिडीवर आता दुसरा माणूस जाई आणि वायरलेसवर फक्त आकडे येत. काका ते आकडे लिहून घेत आणि उगीच थोडा वेळ वायरलेस कानाशी धरून ठेवत. खारोबा खोलीतून मान वर करून खिडकीबाहेर बघे. तिथून टॉवरचा फक्त पायथा दिसे.

एक गोष्ट मात्र काकांच्या मनातून जात नाही. फाटकापुढे तो थबकला होता, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल, तर तिथून घरापर्यंत, उशीपासून पाळण्यापर्यंत, तो मनातल्या मनात टॉवरशी भांडत चालला होता. आणि तेवढा वेळ त्यानं काकूंना भिंतीशी बसू दिलं, सुनेला पदर कोंबून उभं राहू दिलं. नसेल आलं, तर काका त्याच्यावर उगीच संशय घेताहेत. कधी वाटतं, आलंच असणार. किरणांत जन्म काढलेला माणूस तो. कधी वाटतं, स्वतःचं काळीज नापास झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? विचारायला कितीतरी दिवस मिळाले होते. एकाच टेबलावर डबा खात होते दोघं. काकांनी विचारलं नाही. खरं म्हणजे त्यांना उत्तर नकोच होतं.

ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं, तेही काकांना मॅडमकडून कळलं. खारोबा त्यातून उठला नाही. थोरली बहीण आली होती त्याचं सामान न्यायला. ठेंगणी, शांत बाई. काकांनी तिला पाणी दिलं. तुम्ही सख्ख्या की चुलत, हे त्या वेळी तरी कसं विचारणार?

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खारोबा टेबल आवरत होता. काका किल्ली कमरेला अडकवून दाराशी आले. दोघांनाही घरी जायचं होतं.

"निघालात?" खारोबानं विचारलं.

"हो. तुम्ही?"

"हे झाकतो आणि निघतोच." मग खिडकीतून बाहेर बघत तो म्हणाला, "काका, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी दिसतेय."

"उद्या भरतो."

"आजच भरा. अशीच चालवली तर ट्यूब जाईल."

"बरं," काका म्हणाले. "भरतो जाताजाता."